शब्द टाकायची सवय

परत आल्यापासून वाचनालयात जो येतो तो विचारतो, "वेरूळ पाहिलंत का?" नाही पाहिलं. अजिंठाही नाही. छत्रपती संभाजीनगरला आठवडाभर राहून लेणी न बघता परतलेला माणूस कुडाळात बहुधा मी एकटाच असेन. आम्ही गेलो होतो ते माझ्या मुलीसाठी, अभिनयाची शाळा बघायला. यशोधरा नुकतीच बी.ए. झाली. तिला नाटकच करायचं आहे, आणि ते शिकून करायचं आहे. मुंबई-पुणं सोडून इतक्या लांब कशाला, हा लोकांचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर असं की तिची आई तिकडची. गंगापूर तालुक्यातल्या एका गावातून सुनंदा शिक्षिकेची नेमणूक घेऊन सिंधुदुर्गात आली आणि इथलीच झाली. गेल्या दिवाळीनंतर ती वारली. तिचा धाकटा भाऊ मिलिंद वाळूजच्या एका कारखान्यात आहे. शिकायचं तर मामाकडे राहून, हे यशूने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी ग्रंथपाल आहे, आणि कित्येक वर्षं आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता घेऊन, नट अडखळला की त्याला शब्द टाकायचा. सगळं वाक्य द्यायचं नसतं. पहिला शब्द पुरतो. तो नटापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचता कामा नये. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

वाळूज

जून लागला होता तरी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आमच्याकडून निघालेल्या माणसाला त्या उन्हाचं आधी भय वाटतं आणि मग आश्चर्य, कारण घामच येत नाही. अंगावरचं पाणी कुठे जातं ते कळत नाही.

मिलिंद वसाहतीच्या तोंडाशी उभा होता. "जयभीम दाजी. लई उन्हाचं आलात," तो म्हणाला आणि यशूकडे बघून थबकला. ती आईसारखी दिसते, हे तिला रोज बघणाऱ्या मला विसरायला होतं. त्याने तिची बॅग घेतली आणि पुढे चालू लागला.

घरात मोरीपासून जिन्यापर्यंत निळी पिंपं मांडलेली होती. नळाला रोज पाणी येत नाही. "आजच्या दिवस एकेक बादलीत भागवा हं," रेखामामी म्हणाली. "उद्या नळ यायचाय."

"मामी, आमच्याकडे पावसात विहीर हाताने उपसता येते," यशू म्हणाली.

"मग एखादी हीर पिशवीत घालून आणायची नाय का! रिकाम्या हातानं आली नुसती, काजू घेऊन."

जेवायला भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घालून दळलेलं पीठ. चिमूटभर उकळत्या पाण्यात सोडलं की घर भरून वास सुटतो. सुनंदा दर वर्षी माहेरी जाऊन स्वतः करून आणायची. माझ्या स्वयंपाकघरात तिच्या हातच्या येसराची बरणी अजून आहे, तळाशी थोडं उरलेलं. मी ती उघडत नाही. मामीच्या ताटाशी तो वास एकदम समोर आला आणि मी आधी कोरडी भाकरीच संपवली. यशू मात्र वाटी तोंडाला लावून प्यायली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली.

सुनंदाला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर शब्द गेले. ऐकलेलं तिला सगळं कळायचं, बोलायला जावं तर वस्तूचं नाव सापडायचं नाही. वर्गात तीसतीस मुलांना गप्प बसवणारी बाई "ते... ते" म्हणून हवेत हात धरून थांबायची. मी लगेच शब्द टाकायचो. पाणी? चष्मा? खिडकी? बरोबर निघालं तर ती मान हलवायची. चुकलं तर तोंड फिरवायची. जे थोडे शब्द तिचे तिला परत मिळाले ते शाळेतल्या भाषेतले नव्हते. कुडाळात इतकी वर्षं दाबून ठेवलेलं माहेरचं बोलणं तेवढं वर आलं. व्हय. नाय. लई.

त्यामुळे या शहराचा मला त्रास झाला तो उन्हाचा नव्हता. गुलमंडीच्या बाजारात मागून एक बाई म्हणाली, "ओ भाऊ, सरका की जरासं, लई गर्दी केली तुमी." मी इतक्या झटकन वळलो की ती बिचारी दचकली. इथे सगळेच तिच्यासारखे बोलतात. रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतला शिपाई. पाटीवर शहराचं नवं नाव आहे, मिलिंदच्या तोंडात जुनंच बसलेलं आहे, पण बोलणं सगळीकडे तिचं.

तिसरा मजला

पहिली शाळा मिलिंदच्या साहेबांनी सुचवलेली. एका व्यापारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, गार, काचेची, भिंतभर आरसा आणि तिवईवर गोल दिवे. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, सगळा कॅमेऱ्यासमोर. तिथले सर उत्साही होते, मनाने वाईट नव्हते. यशूला दिव्यासमोर उभं करून ते म्हणाले, "चल बेटा, रडून दाखव."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? रडायसाठी. इमोशन बघायचाय मला."

"पण कोणाला काय झालंय?"

"काही पण समज गं. आई वारली समज."

मी फरशीकडे पाहिलं. यशू शांतपणे म्हणाली, "आई वारलेलीच आहे, सर."

"अरे! मग तर सोपं आहे की!" ते म्हणून गेले. मग त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी आम्हा तिघांसाठी थंड पेयं मागवली. ती आम्ही संपवली, कारण न संपवणं बरं दिसलं नसतं. यशूला रडू आलं नाही. आई गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलेलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत होतं की तिच्यासाठी बरं वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही.

जिना उतरताना मिलिंद म्हणाला, "दाजी, परत वर जाऊन त्याला एक ठिवून येऊ का?"

"नको मामा," यशू म्हणाली. "त्याने सरबत पाजलंय."

गेट

विद्यापीठाच्या गेटपाशी मिलिंदने रिक्षा थांबवायला लावली, खाली उतरला, चपला काढून कमानीला हात जोडले आणि परत येऊन बसला. "लहानपणी मी आन् ताई अण्णांबरोबर यायचो इथं," तो म्हणाला. "गर्दीत ताईचा हात सुटू नाय म्हणून अण्णा आमच्या दोघांच्या मनगटाला रुमाल बांधायचे." सुनंदाने वडिलांची ही आठवण मला कधी सांगितली नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या मनगटावरच्या रुमालाची गोष्ट माझ्यापर्यंत आली नाही.

आतला नाट्यविभाग मला आवडला. पदवी आहे, वसतिगृह आहे, झाडांची सावली आहे, आणि नाटकाच्या पुस्तकांनी भरलेली एक खोली आहे. मी त्या खोलीत रेंगाळलो. जुन्या संहितांच्या समासात कोणीकोणी पेन्सिलीने हालचाली लिहून ठेवल्या होत्या.

"बाबा," यशू दारातून म्हणाली, "प्रवेश तुम्हाला घ्यायचाय का?"

"पदवी हातात असलेली बरी, यशू. पुढेमागे शिकवता येईल."

"आधी मला यायला तर पाहिजे." तिने आपलं ठरवलं होतं. तिला गायके सरांकडे जायचं होतं.

जिनिंगचं गोदाम

गायके सरांची शाळा बेगमपुऱ्याच्या मागे, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भरते. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. छताच्या कैच्यांना अजून कुठेकुठे काळवंडलेला कापूस चिकटलेला आहे. वर्षभराचं शिक्षण, मोजकीच मुलं, आणि शेवटी मिळणाऱ्या कागदाला बाहेर काही किंमत नाही. सकाळी झाडलोट मुलांनीच करायची. गायके सर साठीचे, किडकिडीत, खादीच्या सदऱ्यातले. निवडीची त्यांची एकच अट होती: कोणत्याही नाटकातला उतारा चालणार नाही. स्वतः पाहिलेलं काहीतरी करून दाखवायचं. पालकांनी हवं तर मागे बाकावर बसावं.

मी बसलो. यशू काय करणार आहे हे तिने मला सांगितलं नव्हतं.

ती मध्ये आली आणि तिचा उजवा खांदा खाली उतरला. एवढंच तिने केलं, आणि तिथे सुनंदा उभी राहिली. दिसायला सारखी म्हणून नव्हे. यशूचं वयच काय. पण तो खांदा, तो डावा हात फळीच्या कडेवरून चाचपत जाणारा, आणि ओठ आवळून धरायची ती रीत. समोर फळी नव्हती, बरण्या नव्हत्या. तिने एका बरणीचं झाकण डाव्या हाताने, पोटाशी धरून फिरवलं. वास घेतला. चेहरा उजळला. मग ती वळून कोणाला तरी म्हणाली, "अगं, हे बघ... ते आलंय की... ते..."

आणि थांबली. हात हवेत.

गोदामात कोणी हललं नाही. पत्रा उन्हाने मधूनच टक्क वाजत होता. ती थांबलेलीच होती. तिच्या गळ्यापाशी श्वास अडकलेला मला दिसला, आणि श्वास तिथे अडकला की काय करायचं ते माझ्या अंगात इतकं मुरलं आहे की मी विचार केला असं म्हणताच येणार नाही.

"येसर," मी म्हणालो.

हळूच म्हणालो. नटापुरतं. पण ती विंग नव्हती आणि त्या शांततेत तो शब्द सगळ्या भिंतींवर जाऊन आला.

यशूचा हात खाली आला. खांदा वर गेला. सुनंदा गेली आणि तिथे माझी मुलगी उरली, पांढरी पडलेली.

"कोण बोललं?" गायके सरांनी वळून विचारलं.

मी उभा राहिलो, शाळेतल्या मुलासारखा.

"प्रॉम्प्टिंग करता काय?"

"हो."

"कळालं. शब्द बरोबर पडला, नेमका. एवढं चांगलं प्रॉम्प्टिंग लई दिवसांत ऐकलं नाही." ते चेष्टा करत नव्हते, आणि तेच मला सोसवेना. मग ते यशूकडे वळले. "तू विसरली होतीस का?"

"नाही, सर."

"मला नाही वाटलं विसरलीस म्हणून. किती वेळ थांबणार होतीस?"

"येईपर्यंत."

सरांनी डोक्यावरून हात फिरवला. "उद्या सकाळी परत ये. उद्याही निवडीला पोरं आहेत. पण आज मी जे पाहिलं, त्याच्यावर मला तुला घेता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही. उद्या एकटी ये."

परतताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती आणि बाहेर बघत होती. मी म्हणालो, "चुकलो, यशू. हाताबाहेर गेलं."

"तुम्ही आईलाही असंच करायचात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तिला यायचा शब्द. तुम्ही गावाला गेलात ना बैठकीला, तेव्हा मी तिच्याजवळ बसले होते. त्या दिवशी तिने बरणी उघडली. मी काहीच बोलले नाही. किती वेळ गेला काय माहीत. दूध उतू गेलं, तरी उठले नाही मी. आणि मग तिने म्हटलं. येसर. तिचं तिने. आणि लई हसली, बाबा. तुम्ही तिला तसं हसताना पाहिलंच नाही."

मी पाहिलं नव्हतं. ते मी आज बाकावर बसून पाहणार होतो. तिने शब्द येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं आणि शब्दानंतर ते हसणं होतं.

खुलताबाद

दुसऱ्या दिवशी यशू एकटी गेली. मिलिंदने सुट्टी टाकली आणि मला मोटारसायकलवर मागे बसवलं. "घरात बसून तुमी भिताडं बघत बसताल. चला खुलताबादला."

घाट चढताना हवा बदलते. गाव छोटं, तटबंदीतलं, दर्ग्यांचं. रस्त्याच्या कडेला फुलांच्या चादरी आणि रेवड्यांची दुकानं. आमच्याकडे देवळात जाताना पायऱ्यांवर शेवाळं असतं, इथल्या दगडावर हात ठेवला तर भाजतो. दर्ग्याच्या अंगणात बायका भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. कोणी काही मागत आहे असं वाटत नव्हतं. नुसत्या बसल्या होत्या. मला तिथून उठावंसं वाटेना.

नंतर आम्ही वेशीपाशी एका हॉटेलात गेलो. मालक मिलिंदच्या ओळखीचा, दाढी मेंदीने रंगवलेला. "क्या मिलिंदभाई, मेहमान कू खाली चाय पे टाल रै? खलिया खिलाओ ना," तो म्हणाला आणि आम्ही हो म्हणायच्या आधीच त्याने नान-खलिया समोर ठेवला. पिवळा नान पोळीसारखा मोठा आणि मऊ. मटणाचा रस्सा जिभेवर आधी गोडसर लागतो आणि मग घशात तिखट. मला भूक नव्हती तरी खाल्लं.

मिलिंद बराच वेळ नान मोडत होता. मग म्हणाला, "रातच्याला यशूनं सांगितलं मला, काल काय झालं ते."

"हं."

"दाजी, राग मानू नका. ताई आजारी होती तवा मी रविवारी फोन लावायचो. ती बोलायची नाय. मी नुसता कानाला धरून बसायचो. तिचा श्वास ऐकू यायचा. मधीच लई येळानं एखादा शब्द यायचा. 'मिल्या' म्हणली एकदा. शाळेत असताना म्हणायची तसं." त्याने नान खाली ठेवला. "आन् मागून तुमचा आवाज यायचा. 'पाणी म्हणतेय', 'बरी आहे म्हणतेय.' मला वाटायचं, ह्या माणसाला कुणीतरी जरा येळ बाहेर घेऊन जावा."

"सांगायचंस."

"काय सांगता? तुमी तिचं हागणंमुतणं काढत होते. तुमाला गप बसा म्हणून सांगायचं व्हय?"

मी नानचा तुकडा रश्श्यात बुडवला. मालक दुरून ओरडला, "मिठा कम है क्या, साब?" मी मानेनेच नाही म्हटलं. मीठ बरोबर होतं.

येताना दौलताबादचा किल्ला बाजूला दिसला आणि मागे पडला. मोटारसायकलवर बोलता येत नाही, हे बरं झालं.

येसर

आम्ही घरी पोचलो तेव्हा यशू पायरीवर बसली होती. तिने मिलिंदकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घेतलं," ती म्हणाली.

मामीने सोयरीक जमल्यासारखी तिच्या हातावर साखर ठेवली आणि डोळे पुसले. मिलिंदने तिच्या डोक्यात टपली मारली. मला खूप विचारायचं होतं. शब्द आला का? किती वेळाने आला? ती हसली का? सर काय म्हणाले? मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. गोदामातल्या अनोळखी माणसांनी सुनंदाचं ते हसणं पाहिलं असणार. मी खुलताबादला नान खात होतो. याचं काही करता येत नाही.

विद्यापीठाच्या पदवीचं मी पुन्हा काढलं नाही. त्या संध्याकाळी मामी येसर करत होती. कढईत ज्वारी आणि डाळ तांबूस होत आली होती. यशू तिच्याशेजारी बसून उलथणं फिरवत होती. "मंद ठेव, मंद," मामी म्हणत होती. "घाई केली की करपट लागतं. तुझी आई लई उतावळी होती, ती नेहमी करपवायची." मला हेही माहीत नव्हतं. मला वाटायचं येसराची चवच तशी असते.

बसस्थानक

निघायच्या दिवशी सकाळी मिलिंद आणि यशू मला पुण्याच्या गाडीत बसवायला आले. मामीने येसराची पुडी बांधून दिली होती. मिलिंद पाण्याची बाटली आणायला गेला. यशू खिडकीखाली उभी राहिली, मान वर करून. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "ते घरी गेल्यावर... ते..."

आणि थांबली. माझ्या तोंडाशी सगळे शब्द आले. पुडी, डबा, चावी, गोळ्या, फोन. एकेक माझ्या जिभेवर येऊन उभा राहिला. मी खिडकीचा गज धरला आणि ओठ मिटून ठेवले. ती खरंच शोधत होती की मला पारखत होती, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. कंडक्टरने दार ओढून घेतलं. मिलिंद बाटली घेऊन पळत येताना दिसला. गाडी मागे हलली.

"बरणीत भरा," ती म्हणाली. "नायतर वास जातो."

नायतर. कुडाळात वाढलेल्या माझ्या मुलीने हा शब्द कधी वापरलेला मी ऐकला नव्हता. मी मान हलवली. गाडी वळली, आणि मग फक्त बाकीच्या गाड्या दिसत राहिल्या.

घरी आल्यावर मी ते येसर बरणीत भरलं. दुसऱ्या बरणीत. सुनंदाची बरणी शेजारी आहे, तळाशी उरलेल्यासकट. त्या दिवशी ती मी उघडून पाहिली. मामी म्हणाली ते खरं आहे, करपलेला वास येतो.

मंडळाच्या नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आहेत. मी जाईन की नाही, ठरवलेलं नाही. रविवारी यशूचा फोन येतो. ती दिवसभर उभी असते, थकलेली असते, बोलता बोलता मध्येच थांबते. मी फोन कानाला धरून बसतो. तिचा श्वास ऐकू येतो.